गोव्यात सिल्की कोंबड्या : पैदास, आजार आणि आनुवंशिक दोषांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडण्यापासून काणकोणापर्यंत हौसेने सिल्की पाळणारे वाढले आहेत आणि त्यांच्याकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत, आधी सोपे, मग किचकट. पक्षी आत्ता आजारी असेल तर वरपासून वाचत बसू नका. मान वळली असेल तर प्रश्न ९, पाय लुळा पडला असेल तर प्रश्न १०, विष्ठेत रक्त असेल तर प्रश्न ४ पाहा आणि दवाखान्यात फोन करा.

१. सिल्की म्हणजे पांढरा कडकनाथच ना?

नाही. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सिल्की चीनकडची. मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख मार्को पोलोने तेराव्या शतकात केला आहे, तो बहुधा हिच्याच पूर्वजांचा. काळी कातडी, काळे मांस आणि काळी हाडे दोघांतही आहेत आणि त्यामागचा जनुकीय बदलही एकच आहे. साम्य तिथेच संपते. कडकनाथ काटक आणि चपळ, सिल्की अंगणातली. तिचे मांस खाता येते, चीनमध्ये त्याचे सूप औषधी मानतात. पण शागुतीसाठी कोणी सिल्की पाळणार असेल तर त्याने सरळ गावठी कोंबडा आणावा.

२. विकणारा ‘शंभर टक्के शुद्ध’ म्हणतो. घेताना काय पाहायचे?

पक्षी हातात घ्या आणि पोटाकडची पिसे फुंकून बाजूला करा. कातडी निळसर काळी दिसली पाहिजे. प्रत्येक पायाला पाच बोटे हवीत. पाचवे बोट चौथ्यापासून सुटे, वर वळलेले आणि जमिनीला न टेकणारे असावे. तुरा करवतीसारखा उभा नको, अक्रोडासारखा बसका आणि जांभळट काळा हवा. कानाच्या पाळ्या निळसर, नडग्यांवर आणि बाहेरच्या बोटांवर पिसे, डोक्यावर गोंडा. तुरा लालबुंद असेल किंवा पंखांची पिसे ताठ असतील तर मागच्या पिढ्यांत दुसरे रक्त आहे. पाळायला त्याने काही बिघडत नाही, पण शुद्ध म्हणून पैसे मोजू नका.

दोष दिसला नाही म्हणजे तो नाहीच असे नसते. शक्य असेल तर आईबाप पाहूनच पिल्ले घ्या.

३. दोन महिन्यांची ‘जोडी’ घेतली. नर-मादी आहेत हे कशावरून?

कशावरूनच नाही. सिल्कीत पाच-सहा महिन्यांपर्यंत खात्री देता येत नाही, कधी तर पहिली बांग किंवा पहिले अंडे हाच पुरावा. गोंड्यातून मागे लांब लकेरी निघायला लागल्या आणि तुरा रुंद झाला तर बहुधा नर, गोंडा गोल राहिला तर बहुधा तलंग. त्यापेक्षा तीन-चार पिल्ले घ्यावीत.

४. आपल्याकडचा पावसाळा त्यांना झेपतो का?

आपण झेपवला तर झेपतो. साध्या पिसांच्या धाग्यांना सूक्ष्म आकडे असतात, ते एकमेकांत अडकून पीस सलग होते आणि पाणी ओघळून जाते. सिल्कीत हे आकडे नसतात. त्यामुळे पाणी थेट कातडीपर्यंत जाते आणि पक्षी गारठतो. उडताही येत नाही, म्हणून ती आढ्यावर न जाता खालीच कोपऱ्यात झोपते. मुंगूस, नाग आणि भटकी कुत्री यांच्यासाठी याहून सोपे काही नाही.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. खुराडा जमिनीपासून हातभर उंच हवा आणि छपराची पाख पुढे आलेली हवी. पावसाच्या बाजूला चुडतांचा किंवा ताडपत्रीचा आडोसा करा, पण चारही बाजू बंद करू नका. कोंडलेल्या विष्ठेच्या वाफेने डोळे आणि श्वास दोन्ही जातात. खाली भाताचा तूस घालून तो ओला झाला की लगेच बदलावा. पायांच्या पिसांना तांबड्या मातीचे गोळे चिकटून वाळले तर ओढून काढू नका, नखासकट येतील. कोमट पाण्यात पाय बुडवून ते विरघळू द्या, मग पुसून कोरडे करा.

ओल्या तुसाचा खरा धोका म्हणजे रक्ती हगवण. तिचे जंतू ओलाव्यात एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात आणि तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना धरतात. पिल्लू पिसे फुगवून, पंख पाडून उभे राहिले आणि विष्ठेत रक्त दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून पिण्याच्या पाण्यातून ॲम्प्रोलियम सुरू करावे. हे औषध बी-१ जीवनसत्त्वाला अडवूनच काम करते, म्हणून त्या दिवसांत ‘ताकदीसाठी’ बी-१ पाजू नये.

५. सुक्या मासळीचा चुरा घातला तर चालेल का?

खारवलेला असेल तर नको. जास्त मिठाने कोंबड्या मरतात आणि सिल्कीसारख्या किलोभराच्या पक्ष्याला तर थोडेही जास्त होते. बिनमिठाची, नुसती उन्हात वाळवलेली मासळी थोडी चालते. मूळ आहार मात्र तयार खाद्याचाच ठेवा: पिल्लांना २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेले, अंड्यावरच्या कोंबडीला कॅल्शियमवाले. कणी, नाचणी, खवलेला नारळ हा वरचा खाऊ.

पावसात गोणी जमिनीवर ठेवू नका. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड यकृत खराब करते. वासावरून संशय आला तर गोणी फेकून द्या.

६. दहा-बारा अंडी घातली की खुडूक बसते. कसे थांबवायचे?

थांबवायचे कशाला? हाच तर सिल्कीचा गुण. वर्षाला शंभर-सव्वाशे अंड्यांच्या वर तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. पण अंड्यावर बसावे तर सिल्कीने. गावठीची, लाव्याची, कधी बदकाची अंडीही ती उबवते. तिची स्वतःची आठ-दहा किंवा गावठीची पाच-सहा अंडी पोटाखाली मावतात. ते २१ दिवस ती दिवसातून एकदाच उठून खाते, म्हणून दाणा-पाणी हाताच्या अंतरावर ठेवा.

मुंग्या सांभाळा. कवच टोचून पिल्लू बाहेर यायला लागले की वासाने लाल मुंग्या येतात आणि अर्धवट फुटलेल्या अंड्यात शिरतात. खुडूक बसवलेली पेटी चार पायांच्या पाटावर ठेवून प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवावा. पाणी आटले नाही ना, हे शेवटचे तीन दिवस रोज पाहायचे. नवजात पिल्ले आईच्या लांब मऊ पिसांत गुरफटून गळफासही बसतो, तेव्हा पोटाखालची लांब पिसे आधीच कातरा.

अंडी नकोच असतील तर तिला खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवले की बहुधा उतरते.

७. मशीनमध्ये पिल्ले पूर्ण तयार झाली, पण कवचातच मेली. अंड्यांत दोष होता का?

पावसाळ्यात असे झाले असेल तर आधी पाण्याच्या ट्रेवर संशय घ्या. मशीनसोबतच्या कागदावर ‘पाणी भरा’ लिहिलेले असते, ते सगळीकडे लागू पडत नाही. बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा आत ३७.५ अंशांवर तापल्यावर आर्द्रता ४७ टक्क्यांच्या आसपास येते. पहिल्या १८ दिवसांना ४५ ते ५० टक्केच हवी असते. म्हणजे आपल्याकडे जुलैत ट्रे कोरडा ठेवायचा. वरून पाणी घातले की अंड्यातला ओलावा उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू बाहेर यायच्या वेळी गुदमरते. शेवटच्या तीन दिवसांत मात्र ६५ ते ७० टक्के करा.

काटा आणि वजन खोटे बोलत नाहीत. १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन ११ ते १३ टक्क्यांनी उतरायला हवे. ४० ग्रॅमचे अंडे ३५ च्या आसपास यावे. सगळे बरोबर असूनही एकाच जोडीची अंडी पुनःपुन्हा आत मरत असतील तर प्रश्न १३ पाहा.

८. कोंबडा आहे, अंडी आहेत, पण फळत नाहीत.

बहुतेक वेळा कारण केसाळपणाचे असते. मादीच्या आणि नराच्याही गुदद्वाराभोवतीची पिसे पैदाशीच्या आधी कातरा. गोंड्याने डोळे झाकले असतील तर तोही कापा किंवा रबराने सैल बांधा, आंधळा नर काय जमवणार! एका नरामागे पाच-सहा माद्या ठीक. मे महिन्यातल्या उकाड्यात फलन घसरते, त्या दिवसांची अंडी उबवायला न ठेवलेलीच बरी. जमवलेली अंडी गार जागी ठेवून सात दिवसांच्या आत बसवावीत.

९. मान उलटी वळली आहे, डोके पायांत घालते. लोक मानमोडी म्हणतात. मारून टाकू का?

लगेच नको. सिल्कीत मान वळण्याची कारणे बरीच आहेत आणि मानमोडी म्हणजे राणीखेत हे त्यातले एकच.

राणीखेत असेल तर सहसा एकाच पक्ष्यावर थांबत नाही. शेजारच्या गावठी कोंबड्याही मरत असतात, श्वासाला घरघर लागते, हिरवट पातळ विष्ठा होते. असे दिसले तर पक्षी हलवू नका, विकू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

एकच पक्षी, भूक शाबूत, बाकी कळप ठणठणीत, असे असेल तर बहुधा डोक्याला टोच किंवा मार बसलेला असतो (कवटीचे कारण प्रश्न ११ मध्ये). जुन्या, ऊन लागलेल्या खाद्यामुळे ई किंवा बी-१ जीवनसत्त्व कमी पडले तरी असेच होते. मॅरेक्स हा विषाणूचा रोगही एक शक्यता (प्रश्न १०). आणि मान वळलेली नसून चिंधीसारखी लुळी पडली असेल तर गोष्टच वेगळी. कुजलेले किंवा अळ्या पडलेले काही खाल्ल्याची विषबाधा असू शकते, तिथे घरगुती उपायात वेळ घालवू नका.

मार किंवा कमतरतेच्या बाबतीत पक्ष्याला एकटा, अंधाऱ्या शांत खोक्यात ठेवा. दोन्ही बाजूंना टॉवेलची गुंडाळी लावली की तो कोलमडत नाही. पाणी उथळ ठेवा, खोल भांड्यात डोके अडकून बुडतात. भिजवलेले खाद्य हाताने, डोके सरळ धरून भरवायचे. पाळणारे सहसा रोज ई जीवनसत्त्वाची ४०० एककांची कॅप्सूल टोचून चोचीत पिळतात, जोडीला बी कॉम्प्लेक्स. सूज उतरवणारे औषध डॉक्टरांकडूनच घ्या. सेलेनियम ई सोबत उपयोगी पडते, पण थोडे जास्त झाले तरी विषारी, तेव्हा ते मनाने देऊ नका. सुधारणेला आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत फरक नाही म्हणून हाय खाऊ नका.

१०. एक पाय पुढे, एक मागे टाकून बसली. कॅल्शियम दिले, काही फरक नाही.

फरक पडणारही नाही. ही ठेवण मॅरेक्स रोगाची खूण आहे. हा विषाणू मज्जातंतूंत शिरतो. कधी डोळ्याचे बुबुळ राखाडी होते, कधी पक्षी नुसता झिजत जातो. साधारण सहा आठवडे ते सहा-सात महिन्यांच्या वयात दिसतो आणि सिल्कीला इतर जातींपेक्षा सहज धरतो. उपचार नाही. विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो, धुळीत महिनोन्‌महिने टिकतो.

अंड्यातून मात्र तो पिल्लात जात नाही. म्हणून बाधित घरातही स्वच्छ जागेत मशीनवर काढलेली, पहिल्या दिवशी लस दिलेली आणि मोठ्या पक्ष्यांपासून काही आठवडे दूर ठेवलेली पिल्ले वाचवता येतात. लस रोग थोपवते, लागण नाही. लस घेतलेला धडधाकट पक्षीही विषाणू बाळगू आणि पसरवू शकतो, हे नवा पक्षी आणताना लक्षात ठेवा.

खात्री हवी असेल तर मेलेला पक्षी बर्फावर (फ्रीझरमध्ये नव्हे) ठेवून लवकरात लवकर दवाखान्यात शवविच्छेदनासाठी न्या.

११. पिल्लाच्या डोक्यावर टेंगूळ आहे. कोणी म्हणते हीच उत्तम सिल्कीची खूण. खरे का?

खूण आहे, पण कसली ते ऐका. पिल्लू सुकले की तळहातावर घ्या आणि तर्जनी डोळ्यांच्या मधून मागे हलकेच फिरवा. साधी कवटी सपाट लागते. हिची घुमटी लागते आणि घुमटीचा माथा पिकल्या चिकूसारखा मऊ. दाबून पाहायचे नाही. तिथे हाड नाही, कवटीला भोक आहे आणि कातडीखाली लगेच मेंदू आहे. काहींत वयाबरोबर हाड भरून येते, काहींत कधीच नाही.

हा दोष आनुवंशिक आहे आणि गोंड्याशी जोडलेला आहे. गोल, भरगच्च गोंड्याच्या पिल्लाला गिऱ्हाईक जास्त, म्हणून पैदास करणारा तेच निवडतो आणि नकळत उघडी कवटीही निवडतो. आमच्या मते सिल्कीच्या पैदाशीतली निम्मी दुखणी या एका हौसेतून येतात.

असा पक्षी नीट सांभाळला तर पूर्ण आयुष्य जगतो. त्याला गावठी कोंबड्यांत सोडू नका, एक टोच पुरते. खुराड्याचे छप्पर उडी मारल्यावर आपटेल इतके खाली नको, गव्हाणीला धारदार कडा नको. पैदाशीला मात्र मोठेपणीही माथा मऊ राहिलेला पक्षी घेऊ नये, मग रंग कितीही देखणा असो. निदान दोन घुमटीवाले एकत्र लावू नका. सपाट कवटीच्या, बेताच्या गोंड्याच्या सिल्की असतात, शोधाव्या लागतात एवढेच.

१२. पाय फाकलेले, बोटे वाकडी, चोच तिरकी: यातले आनुवंशिक कुठले?

फाकलेले पाय बहुधा आपली चूक: वर्तमानपत्रासारखी गुळगुळीत जमीन. पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन्ही पाय मऊ पट्टीने बेताच्या अंतरावर बांधा आणि खाली खडबडीत कापड घाला, बहुतेक सुधारतात. मुठीसारखी आत वळलेली बोटे बी-२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतात. तिरकी चोच कधी उबवणीतल्या गडबडीने, कधी वारशाने, आणि बाहेरून फरक कळत नाही, म्हणून पैदाशीतून बाद. मिटलेल्या पंखात लांब पिसांच्या दोन ओळींमध्ये फट दिसली तर तो आनुवंशिक दोष, सिल्कीत पुष्कळ आढळणारा.

चार किंवा सहा बोटांचे विचाराल तर पाचव्या बोटाचा जनुक प्रभावी आहे, पण त्याचा परिणाम सारखा उमटत नाही. शुद्ध जोडीतही एका पायाला पाच, दुसऱ्याला चार असे पिल्लू निघते. त्याच्या तब्येतीला काही होत नाही.

१३. एकाच घाण्यातले भाऊ-बहीण आहेत. त्यांचीच जोडी लावली तर?

एकदा लावली तर आकाश कोसळत नाही, पण सख्ख्या भावंडांच्या पिल्लांत अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के होते, सावत्र भावंडांच्या १२.५ टक्के. लपलेले दोष वर येतात, फलन घटते, पिल्ले आत मरतात. गोव्यात सिल्की मोजक्या घरांतून पसरल्या आहेत, त्यामुळे ‘दुसऱ्याकडून’ आणलेला नर चुलतभाऊ निघू शकतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलात तरी मूळ घर विचारा. दोन वर्षांनी ओळखीच्या माणसाशी नर अदलाबदल करणे हा सोपा मार्ग, मात्र आलेला नर महिनाभर वेगळा ठेवून.

१४. शेजारचा गावठी कोंबडा सिल्कीवर चढला. आता तिचे रक्त बिघडले का?

अजिबात नाही. फक्त त्याचे बीज तिच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकते. चार आठवडे त्याला दूर ठेवा, त्या काळातली अंडी ऑम्लेटला. पुढची पिल्ले तिच्या नराची.

१५. मुद्दाम सिल्की-गावठी संकर केला तर पिल्ले कशी होतील?

पहिल्या पिढीत सगळी साध्या पिसांची. रेशमी पीस अप्रभावी गुण आहे, दोन्हीकडून आला तरच दिसतो. त्या पिढीतला पक्षी पुन्हा सिल्कीला लावला तर निम्मी पिल्ले रेशमी, आपसात लावले तर चौथा हिस्सा.

काळ्या कातडीची गंमत निराळी. सिल्की नर आणि पिवळ्या पायांची गावठी मादी घेतली तर मुली काळ्या, मुलगे फिके. जोडी उलटी केली तर सगळेच फिके. काळेपणा दाबणारा जनुक लिंगसूत्रावर बसलेला असतो आणि मादी आपले ते सूत्र फक्त मुलग्यांना देते, म्हणून असे होते. बेटसन आणि पनेट यांनी १९११ मध्ये सिल्की आणि लेगहॉर्न यांच्या संकरातून हे दाखवले. गावठी मादीचे पाय मुळात काळपट असतील तर मात्र हा हिशेब चुकू शकतो.

१६. निळ्या जोडीला काळी पिल्ले का झाली?

फसवणूक नाही. निळा × निळा म्हणजे निम्मी निळी, पाव काळी, पाव ठिपक्यांची. सगळी निळी हवी असतील तर काळा आणि ठिपक्यांचा लावा. कुरळ्या पिसांचे दोन पक्षी मात्र एकत्र लावू नका. पाव पिल्लांची पिसे इतकी ठिसूळ होतात की अंग उघडे पडते.

१७. पाच-सहा पक्ष्यांसाठी लस कोण देणार?

अडचण खरी आहे. कुपी शेकडो मात्रांची असते आणि विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आसपासच्या चार-पाच घरांनी पिल्ले एकाच आठवड्यात काढावीत आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून दिवस ठरवावा. साधारण क्रम असा: मॅरेक्स पहिल्या दिवशी, राणीखेतची लासोटा पाच ते सात दिवसांत डोळ्यात-नाकात थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास राणीखेतची पुढची आणि देवीची. देवी डासांनी पसरते, तेव्हा आपल्याकडे ती टाळू नका. पावसात वीज तासन्‌तास जाते, म्हणून घरच्या फ्रीजमध्ये लस साठवण्यात अर्थ नाही.

१८. सर्दी-घरघरीतून बरी झालेली कोंबडी पैदाशीला घेऊ का?

आजार आनुवंशिक नसला तरी अंड्यातून जाऊ शकतो. जुनाट घरघर लावणारा मायकोप्लाझ्मा आणि पिल्लांची पांढरी हगवण करणारे साल्मोनेला बरी दिसणारी मादीही अंड्यातून पुढे देते. नाक वाहणे वरचेवर उलटत असेल तर तिची अंडी बसवू नका. देवीतून उठलेली, टोच लागून मान वळलेली पण कवटी पक्की असलेली, किंवा रक्ती हगवणीतून वाचलेली मादी पूर्ण सावरल्यावर चालते. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खाऊ नका.